वाळवी न लागलेली वही

काका, वही सापडली.

वाळवी लागली म्हणून टाकून दिली, असं तुम्ही म्हणाला होतात. तिला वाळवीचा एक कण लागलेला नाही. दिवाणाच्या तळाशी, लोकरी कपड्यांच्याही खाली, मीच पानिपतहून आणून दिलेल्या निळ्या चादरीत ती गुंडाळलेली होती आणि चारी कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या होत्या. गोळ्या जुन्या असत्या तर विरून अर्ध्या झाल्या असत्या. या चांगल्या टपोऱ्या होत्या, म्हणजे तुम्ही त्या बदलत होतात. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला वाटायचं त्यात त्यांचा सूट आहे. दर दिवाळीला स्वतः उघडून बघायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत."

तेव्हापासून मी एका जागी स्वस्थ बसलेले नाही. चहा करायला उठते आणि गॅस न लावताच परत येते. तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. त्यातले पहिले बारा मला सोपे गेले, कारण कामं होती. दाखला काढायचा होता, सोसायटीला पत्र द्यायचं होतं, गॅसचं कनेक्शन काकूंच्या नावावर करायचं होतं. भेटायला येणाऱ्यांना खुर्च्या कमी पडत होत्या, त्या मी खालच्या हॉलमधून वर आणवल्या. लोक म्हणाले, नीलूनं सगळं कसं छान सांभाळलं. सांभाळायला काही असलं की मी बरी असते. तेराव्यानंतर काकूंनी दिवाण उघडायला सांगितलं आणि सांभाळण्यासारखं काही उरलं नाही.

तुम्ही माझे सख्खे काका नव्हतात. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत तुम्ही चौथ्या मजल्यावरचे आणि आम्ही दुसऱ्या. तुम्ही रेडिओवर व्हायोलिन वाजवायचात. सकाळी स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये व्हायोलिनची पेटी उभी करून यमुनेचा पूल ओलांडताना मी तुम्हाला शाळेच्या बसमधून बघायचे आणि मैत्रिणींना सांगायचे, वो मेरे काका हैं. अकराव्या वर्षी आईनं मला तुमच्याकडे शिकायला पाठवलं. तीन महिन्यांनी तुम्ही खाली येऊन आईला म्हणालात, "वहिनी, हिचे कान बेताचे आहेत. पण अक्षर काय सुरेख आहे." आईला यात आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं हे कळलं नाही. मला मात्र तेव्हाच काम मिळालं. तुमच्या गुरुजींची जुनी वही नव्या वहीत उतरवून काढायची.

गुरुजी ग्वाल्हेरचे. त्यांच्या शेवटच्या आजारात तुम्ही भेटायला गेलात तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, गज धरवत नव्हता. त्यांनी वही तुमच्या हातात दिली आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाले, ही गत पानिपतावरून परतलेल्यांनी आणली. एवढंच. वाजवून दाखवणं शक्य नव्हतं. म्हणजे ती गत तुम्ही कधी कुणाकडून ऐकलेली नव्हती. कागदावरून वाचली आणि वाजवली. हे तुम्ही आम्हा सगळ्यांना इतक्यांदा सांगितलंय की मी ते झोपेत म्हणू शकेन. पण त्याचा अर्थ काय होतो, हे मला दिवाण उघडेपर्यंत कळलं नव्हतं.

उतरवायचं काम आपण थंडीच्या सुट्टीत गच्चीवर केलं. मी बारा वर्षांची होते. जुन्या वहीवर तुम्ही पट्टी ठेवायचात, एकेक ओळ मोठ्यानं वाचायचात आणि मी नव्या वहीत लिहायचे. सबंध पान झालं की तपासणी. तुम्ही पुन्हा जुनीवरून वाचायचात, मी नवीवर बोट फिरवायचे. ओळ जुळली की तुम्ही जुन्या वहीत, समासात, लाल पेन्सिलनं बरोबरची खूण करायचात. वरच्या सप्तकातल्या सुराच्या डोक्यावर टिंब देतात. ते माझ्या ध्यानात राहावं म्हणून तुम्ही नुसतं "ग" न म्हणता "वरचा ग" म्हणायचात. संत्र्याची सालं आपल्या मध्ये पडलेली असायची आणि तुमची बोटं गजाला लावायच्या राळेनं पांढरी.

आज माझी नोकरी काय आहे? परदेशी जाणारं कापड तपासते. प्रकाशाच्या टेबलावरून ताग्यामागून तागे सरकतात, दोष दिसला की लाल बाणाचं स्टिकर लावते. माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत आणि त्या सगळ्यांना मी पहिल्या दिवशी एकच सांगते की नजर पळते, पट्टी पळत नाही. हे वाक्य तुमचं आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, अच्छा, म्हणजे एक शिष्या तरी पोटापाण्याला लागली.

गतीबद्दल आपण भांडायला लागलो ते फार नंतर, चाळिशीत मी परत तुमच्याकडे येऊन बसायला लागले तेव्हापासून. कान बेताचेच राहिले, पण बोटं चालायला लागली होती. ती गत तुम्ही प्रत्येक शिष्याला देत होतात. द्रुत, सोळा मात्रांत चपखल बसणारी, गोल गोल फिरणारी. दुसऱ्या भागात सूर तीनदा वर चढायचे. पहिल्यांदा चढायचे, दुसऱ्यांदा चढायचे आणि तिसऱ्यांदा अगदी वर पोचता पोचता एकदम खालच्या गंधारावर कोसळायचे. तिथे तुम्ही डोळे मिटायचात. "इथे तो पडतो," तुम्ही म्हणायचात. तो म्हणजे घोडेस्वार.

दर संक्रांतीला, लढाईच्या दिवशी, तुम्ही आम्हाला पानिपतला, काला अंबच्या स्मारकापाशी न्यायचात. काकूंचा तिळगुळाचा डबा, आठ-दहा व्हायोलिनं, वाटेत मुरथलला पराठे, मग पुढे धुकं आणि मोहरीची शेतं. तिथे महाराष्ट्रातून आलेली माणसं भगवे झेंडे घेऊन उभी असायची. त्यांच्यासमोर आपण ती गत वाजवायचो. परतताना तुमचं ठरलेलं बोलणं असायचं. दिल्लीत आपण पाहुणे नाही. आपलं इथून नव्वद किलोमीटरवर रक्त सांडलंय, आणि त्यातून एक गत उगवली आहे. मी म्हणायचे, काका, ते लोक इथे राहिले नाहीत, मेले. मेलेल्यांना रहिवासी म्हणत नाहीत. तुम्ही म्हणायचात, "इन्स्पेक्टर, तुला प्रत्येक गोष्टीला शिक्का लागतो." बसमध्ये हशा व्हायचा. ते भांडण मला आवडायचं. त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

मग ती मोरॅग आली.

स्कॉटलंडहून घोंगड्या आणि पायपुसण्या घेणारी खरेदीदार. साठीची, कामाला चोख, कारखान्यात धाग्याची वीण मोजताना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवणारी, म्हणून मला आवडलेली. पानिपतहून परतताना आम्ही ट्रकांच्या रांगेत अडकलो. वेळ जावा म्हणून मी फोनवर तुमचं रेकॉर्डिंग लावलं. आधी ती गुडघ्यावर ताल धरायला लागली. मग हसायला लागली. मग तुमच्या पुढे पुढे स्वतःच गुणगुणायला लागली. पुढचा सूर कुठला येणार हे तिला तुमच्या आधी माहीत होतं. तिसऱ्या चढणीला ती वर गेली आणि तुम्ही खाली, तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, इथे चुकला तो.

तिच्या गावच्या नाचाची ती चाल होती. तिकडे व्हायोलिनला फिडल म्हणतात आणि अशा भरधाव नाचाच्या चालीला रील. तिचे वडील नव्वदीच्या घरात आहेत आणि अजून गावच्या समारंभात ती वाजवतात. मी विचारलं, ही केली कुणी? तर म्हणाली, ते विचारू नकोस, जेवण थंड होईल. तिच्या गावात सांगतात, एका लग्नात नवऱ्या मुलाची होडी वादळात अडकली आणि पाहुण्यांना थंडी वाजू नये म्हणून गावच्या फिडलवाल्यानं ही तिथल्या तिथे जुळवली. समोरच्या बेटावरचे म्हणतात, तो फिडलवाला आमच्याकडून चोरून घेऊन गेला. आणि एका नाच शिकवणाऱ्या मास्तरानं ती स्वतःच्या नावावर छापून टाकली, त्याला तर दोन्हीकडचे शिव्या देतात.

मला त्यांच्या भांडणात रस नव्हता. मला मार्ग दिसला होता. गुरुजी तरुणपणी संस्थानच्या बँडमध्ये होते, हे तुम्हीच सांगितलं होतं. अशा बँडांचे मास्तर पुष्कळदा गोऱ्या पलटणींतून आलेले असायचे. नाचाची चाल बँडमध्ये, बँडमधून गुरुजींच्या कानात, कानातून वहीत. पानिपत मध्ये कुठून आलं, देव जाणे. आजारी माणूस काहीतरी बोलून गेला असेल. पुरावा माझ्याकडे कशाचाच नव्हता, पण सांधे जुळत होते आणि सांधे जुळले की मला दम धरवत नाही.

मी काय केलं ते लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. घरी येऊन दोघांनी बोलायची गोष्ट होती. मी महिनाभर थांबले आणि त्या संक्रांतीला, परतीच्या बसमध्ये, चौदा जणांसमोर मोरॅगच्या वडिलांचं रेकॉर्डिंग लावलं. तुम्ही पहिल्या सीटवर होतात. शेवटपर्यंत ऐकलंत. म्हणालात, "छान वाजवतो म्हातारा. मनगट सैल आहे." सगळे हसले. मी हसले नाही. मी होडी, बेट, बँड असं सगळं क्रमानं मांडलं, ऑफिसात मांडते तसं.

तुम्ही एकच विचारलंत. "तो ग तिकडे पडतो का?"

"नाही. वर जातो."

"मग?"

"मग काय, काका? गत त्यांची आहे. आपला एवढा एक सूर चुकलेला आहे. कुणीतरी उतरवून घेताना चूक केली आणि तुम्ही ती तीस वर्षं वाजवलीत. कुणी केली ते जुनी वही पाहिली की कळेल."

तेव्हा तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत आणि म्हणालात, "वाळवी लागली होती तिला. टाकून दिली."

मुरथलला तुम्ही पराठा घेतला नाहीत. नुसता चहा. मला वाटलं, तुमचा अभिमान दुखावला. वाटलं, दुखावू दे, खरं ते खरं. चार दिवसांत उतरेल.

उतरलं नाही, आणि चढलंही नाही. शिकवणी चालू राहिली. तुम्ही पूर्वीसारखेच ओरडत होतात, काकू पूर्वीसारखा उपमा देत होत्या. फक्त ती गत पुन्हा निघाली नाही. नव्या शिष्यांना तुम्ही ती दिली नाहीत. पुढच्या संक्रांतीला तुम्ही गुडघे दुखतात म्हणून घरी राहिलात आणि म्हणून आम्हीही गेलो नाही. मी दर आठवड्याला पानिपतला जात होते. काला अंबचा फाटा यायचा आणि मी फोनमध्ये तोंड घालायचे.

हॉस्पिटलमध्ये एकदाच तुम्ही विषय काढलात. मी नर्सशी खिडकीजवळच्या पलंगासाठी वाद घालून आले होते आणि जिंकले होते. तुम्ही म्हणालात, "तो म्हातारा आहे का अजून?" मी म्हटलं, आहे, वाजवतो पण. तर म्हणालात, "त्याला विचार, तो ग पहिल्यांदा वर कुणी नेला."

मला वाटलं, औषधांची गुंगी आहे. तरी मोरॅगला कळवलं. तुम्ही काही विचारलंत आणि मी ते केलं नाही असं आजवर झालेलं नव्हतं. तिच्या वडिलांचं उत्तर आलं तेव्हा तुमचा दहावा होता. त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा घोगरा आहे. म्हणाले, कुणी नेला ते ठाऊक नाही, पण का नेला ते ठाऊक आहे. त्या सुराला नाचणाऱ्यांचे पाय हवेत असतात. पाय हवेत असताना सूर खाली आणलात, तर माणसं पडतील.

हे ऐकायला तुम्ही हवे होतात. तुम्ही मांडीवर थाप मारली असती. म्हणाला असतात, बघ, तोसुद्धा तेच म्हणतोय, पडतात.

आता वही. चादर सोडली, पान काढलं. गुरुजींची शाई फिकट झाली आहे, पण त्या गंधाराच्या डोक्यावर टिंब आहे. ठसठशीत. गुरुजींनी बरोबर लिहिलं होतं. मग माझी वही काढली, बारा वर्षांच्या मुलीच्या सुरेख अक्षरातली. त्या ओळीत सा वर टिंब, रे वर टिंब, ग वर काही नाही. चूक गुरुजींची नव्हती, तुमची नव्हती. माझी होती. चौदा माणसांसमोर मी जिची उलटतपासणी केली ती चूक मीच गच्चीवर संत्रं खाता खाता केली होती.

आणि जुन्या वहीत, त्या ओळीच्या समासात, तुमची लाल खूण आहे. बरोबर.

ही खूण मला झोपू देत नाही. माझ्या कामात अशा खुणेचा अर्थ इतकाच असतो की कुणीतरी इथपर्यंत आलं होतं. त्यानं पाहिलं होतं का, हे खूण सांगत नाही. तुम्ही वाचताना "वरचा" म्हणायला विसरलात? की म्हणालात आणि माझं बोट पुढे गेलेलं होतं? त्या दिवशी दोघांच्याही नजरेतून निसटलं असेल, हे मी मान्य करते. पण नंतर? माझ्या नव्या वहीवरून ती गत पहिल्यांदा वाजवताना तुम्हाला ते पडणं कळलं नसेल? माझा किंचित उतरलेला निषाद तुम्हाला स्वयंपाकघरातून कळायचा. म्हणजे तुम्हाला कळलं. केव्हातरी तुम्ही जुनी वही काढून पाहिली, टिंब पाहिलं आणि वही मिटलीत.

मग टिंब का दिलं नाहीत?

मी तीन उत्तरं काढली आहेत. एक, तुम्हाला तो सूर पडलेलाच आवडला. दोन, तो वर नेला असता तर ती नुसती आनंदाची चाल झाली असती आणि तुमचं पानिपत हातातून गेलं असतं, म्हणून तुम्ही ती वही लपवलीत. म्हणजे स्वतःसाठी खोटं बोललात. तीन, बसमध्ये मी जुनी वही मागितली, तेव्हा चौदा जणांसमोर चूक कुणाच्या अक्षरात आहे ते उघड झालं असतं, म्हणून तुम्ही खिडकीकडे पाहून वाळवी म्हणालात. पहिलं उत्तर असेल तर छान. दुसरं असेल तर मला तुमच्याशी भांडता येईल आणि ते मला हवं आहे. तिसरं मला नको. तिसरं असेल तर तुम्ही दोन वर्षं माझ्या वाट्याची चूक स्वतःच्या अंगावर घेऊन माझ्यासमोर बसत होतात आणि मी दर आठवड्याला येऊन उपमा खात होते.

काकूंना सांगितलं. त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "नीलू, तू विचारायचंस की त्यांना." मी म्हटलं, विचारलं होतं काकू, वाळवी म्हणाले. त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. "मग त्यांना सांगायचं नसेल," त्या म्हणाल्या. आणि मग, "संक्रांतीला जा तुम्ही सगळे. मी यंदा तिळगूळ करणार नाही, पण तुम्ही जा."

काल गेलो. यास्मिननं बस ठरवली. यास्मिन इनामदार, साताऱ्याची, बँकेतली, त्या दिवशी बसमध्ये तुमच्या मागच्या सीटवर होती. सात जण जमलो. माझ्या कामाचा एक नियम आहे की दोष ज्या बैठकीत नोंदवला, दुरुस्तीही त्याच बैठकीत नोंदवायची. म्हणून बस सुटल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं. त्या दिवशी मी काकांना चुकलात म्हणाले. चूक माझी होती. या दोन वह्या. सगळ्यांनी बघून घ्या.

वह्या सीटवरून सीटवर गेल्या. कुणीतरी म्हणालं, यार ताई, बारा वर्षांची होतीस तू. मी म्हटलं, वय विचारलेलं नाही. यास्मिन म्हणाली, "ते ठीक आहे ताई. पण आज वाजवायचं काय? वर की खाली?"

मी रात्रीच ठरवलं होतं. वर. दोष सापडल्यावर माल पुढे जात नाही. तसं सांगितलं. यास्मिन म्हणाली, "मला जमणार नाही. मला काकांनी खाली शिकवलंय." मी म्हटलं, काकांना मी खाली शिकवलंय. ती म्हणाली, "मग दोघांनी मिळून नीट शिकवलंत." आणि खिडकीबाहेर बघत बसली. माझ्याच वाक्यांनी मला गप्प करणारी तुमच्यानंतर ती दुसरी.

काला अंबला धुकं होतं. स्तंभ ओला, बोटं बधिर, तारा उतरलेल्या. कोल्हापूरकडची एक मंडळी घोषणा देऊन नुकतीच थांबली होती. आम्ही उभ्यानंच वाजवायला घेतलं. पहिला भाग जुळायला वेळ लागला, दोन वर्षांत सवय मोडलेली. दुसरा भाग आला. पहिली चढण. दुसरी. मी मनात म्हणत होते, वर, वर, वर.

तिसरी आली आणि माझं बोट खाली गेलं.

यास्मिनचं अर्थातच खाली गेलं. पण बाकीच्यांपैकी तिघांनी माझं ऐकलं होतं, ते वर गेले. मी खांदे आवळून बेसूर ऐकायची तयारी केली. तो आलाच नाही, काका. वरचा ग आणि खालचा ग एकाच वेळी वाजला आणि एवढं भरलेलं मी ती गत वाजताना कधी ऐकलं नव्हतं. अर्थात. सप्तक बदललं म्हणून ग काही दुसरा होत नाही. हे तुम्ही मला अकराव्या वर्षी, पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. एक माणूस पडला आणि एकाचे पाय हवेत राहिले आणि दोघं एकाच सुरावर होते.

आम्ही ती पाच वेळा वाजवली. कोल्हापूरच्या एका बाईंनी विचारलं, ही कुठली चाल? मी तोंड उघडलं. होडी सांगू, बँड सांगू, गच्ची सांगू? यास्मिननं माझ्या आधी उत्तर दिलं. आमच्या काकांची, ती म्हणाली.

परतताना मुरथलला मी पराठा मागवला आणि यास्मिनपुढे सरकवला. दोन वर्षं होती आपल्याकडे. दर आठवड्याला समोरासमोर बसत होतो, दोघांच्या हातात व्हायोलिन होतं. एकदा, एकदाच, मी वर आणि तुम्ही खाली असं वाजवून पाहिलं असतं, तर भांडण अर्ध्या मिनिटात मिटलं असतं. तुम्हाला हे माहीत असणार. तुम्ही वाट बघत होतात का, की मी म्हणेन? मी म्हणणारी नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं का? आणि तुम्ही का म्हणाला नाहीत? मला तुमचा राग येतो आहे आणि तो येत राहू दे. तेवढं तरी चालू राहील.

आज सकाळी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, पट्टी घेतली आणि ती ओळ पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत तपासली. मग माझ्या वहीत, समासात, लाल पेन्सिलनं बरोबरची खूण केली. टिंब दिलं नाही.

जुनी वही परत चादरीत गुंडाळून दिवाणात, होती तिथेच ठेवली आहे. काकूंना सांगितलंय, त्याला हात लावू नका. डांबराच्या गोळ्या मी बदलत जाईन.